खाजणकरांचा वाटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही – आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा यंदाचं वर्ष जरा वेगळं आहे म्हणून असेल. ते पुढे ओघात येईलच.

गोष्ट म्हटली तर इतकीशी आहे. एका खेळात मी खोटं बोललो. ऐकणाऱ्याला हसू येईल – बेचाळिशीचा माणूस, दोन मुलांचा बाप, पनवेलमध्ये भूगोलाचा क्लास चालवणारा मास्तर, आणि कबुली कसली देतोय, तर खेळातल्या लबाडीची! हसा. मीसुद्धा पहिले काही महिने हसण्यावारीच नेलं होतं.

आधी खेळ सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण एक काल्पनिक जग रचतो – त्यातले डोंगर, राज्यं, तिथे राहणाऱ्या माणसांसारख्या पण माणसं नसलेल्या जमाती. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतात. पुढे काय करायचं ते ज्याचं तो ठरवतो. जमलं की फसलं, ते ठरवतो वीस बाजूंचा एक फासा. जग रचणारा माणूस पुठ्ठ्याच्या एका आडोशामागे बसतो. त्याच्या वह्या, नकाशे आणि त्याचा फासा त्या आडोशामागे असतो. तो काय टाकतो ते इतरांना दिसत नाही. तो सांगतो ते खरं मानायचं.

आमच्या टेबलावर आडोशामागे बसणारा मी. दर रविवारी दुपारी तीन ते सात, माझ्याच क्लासच्या खोलीत. दहावीची पोरं सकाळी जी बाकं खरडून ठेवायची, तीच चार बाकं जोडून आमचं टेबल व्हायचं. कामोठ्याहून निखिल आणि त्याची बायको अदिती यायचे. खाली गल्लीतून वडे आणि चहा यायचा.

माझ्या जगात अरुणी नावाची एक जमात होती. उंच, देखणे, डोंगरात राहणारे, तीनशे वर्षं जगणारे. त्यांच्यावर मी नऊ वह्या लिहिल्या होत्या – दोनशे पानी, नऊ. त्यांची लिपी मी तयार केली. त्यांची सतरा राजघराणी, त्यांच्या वंशावळी, त्यांचं पंचांग, त्यांच्या भाषेतली नमस्काराची चार रूपं. दहा वर्षं घातली मी त्यात. बायको माहेरी गेली की मी अरुणींच्या राजवाड्याचे नकाशे काढायचो. आणि ते वाचलं कुणी? कुणीच नाही. निखिल त्यातला एक नमस्कार शिकला होता, तोही फक्त अदितीला चिडवायला वापरायचा. मी राजघराण्यांबद्दल सांगायला लागलो की अदिती वड्याच्या कागदाच्या होड्या करत बसायची.

आणि जगाच्या खालच्या कोपऱ्यात, नकाशावर हिरव्या-करड्या रेघांनी भरलेली एक खाडी होती. तिथे राहायचे चिखले. त्यांच्याबद्दल मी एकच ओळ लिहिली होती – अजून आहे ती वही. ‘दलदलीत राहतात, कळपाने हल्ला करतात, बुद्धी कमी.’ कुणालातरी मारायला शत्रू लागतात म्हणून मी ते केले होते. त्याहून जास्त विचार केला नव्हता.

मग प्रणाली आली.

प्रणाली उरणची. कोळ्याघरची मुलगी, बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला. अदितीच्या मैत्रिणीची मैत्रीण. तिने हा खेळ आधी कधी खेळलेला नव्हता. पहिल्या रविवारी मी तिला सगळ्या जमाती वाचून दाखवल्या – अरुणींची चांगली वीस मिनिटं – आणि विचारलं, यांतली कोण व्हायचंय तुला? ती म्हणाली, “दादा, ते चिखलातले.”

मी समजावलं, की ते घेत नाहीत, ते शत्रू आहेत. तर म्हणाली, “चिखले तर तुम्ही म्हणता. ते स्वतःला काय म्हणतात?”

तिने तिथल्या तिथे नाव ठेवलं – खाजणकर; खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीला तिच्याकडे खाजण म्हणतात. निखिल बाकावर हात आपटून हसला. पण ते नाव चिकटलं. कसं नाही चिकटणार? अरुणी हा शब्द शोधायला मला चार महिने लागले होते आणि तो आजही कुणाला धड आठवत नाही.

मग ती प्रश्न विचारत सुटली. खाजणकर जेवतात काय? आधी कोण जेवतं? पाणी वाढलं की लहान पोरांना कुठे बांधून ठेवतात? मी म्हटलं, तूच ठरव. मोठेपणा दाखवला हो मी! मग तिने सहज विचारलं, “आणि दादा, तुमच्या अरुणींच्या घरात मीठ कुठे ठेवतात?”

नऊ वह्या. दहा वर्षं. आणि मीठ कुठे ठेवतात ते मला ठाऊक नव्हतं. तो रविवार मी अजून विसरलेलो नाही. टोमणा मारायचा म्हणून तिने विचारलंच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

तिने आवडाय नावाची एक म्हातारी खाजणकरीण घेतली, जाळी विणणारी. आणि आवडायच्या तोंडून हळूहळू सगळी जमात उभी राहिली. ती लिहीत काहीच नसे. बोलायची फक्त. खाजणकर चालत येणाऱ्याच्या पायांवरचा चिखल बघून तो कुठून आला ते ओळखतात. खाजणकरांत भांडण झालं तर दोघांनी एकाच होडीत बसून भरती उतरेपर्यंत बोलायचं नाही, फक्त बसायचं. आणि त्यांचा तो वाटा.

वाट्याचं नीट सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. खाजणकरांच्या घरात जेवण शिजलं की पहिला वाटा बाजूला काढायचा – जो पाण्यावर गेलाय आणि अजून आलेला नाही त्याचा. पुढच्या भरतीपर्यंत तो आला नाही, तर दारात येईल त्या परक्या माणसाला तो वाटा द्यायचा. खाणाऱ्याला त्या हरवलेल्याचं नाव सांगायचं आणि त्याने त्या दिवसापुरतं ते नाव लावायचं. जोवर कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तोवर माणूस गेला असं म्हणायचं नाही. तोवर वाटा चालू.

निखिल आणि अदितीची पात्रं पहिल्यांदा खाजणकरांच्या वस्तीत शिरली, तेव्हा तलवारी उपसून शिरली होती. आवडायने त्यांना बसवलं, वाटा दिला आणि दोन नावं सांगितली. अदिती रडली. चहाचा कप हातात धरून, माझ्या क्लासच्या बाकावर बसून रडली! माझ्या अरुणींच्या राणीने आत्मबलिदान केलं होतं – दीड तास वर्णन केलं होतं मी – तेव्हा हिने कागदाची होडी पूर्ण केली होती.

मी म्हटलं, वा, सुंदर. तोंडदेखलं. आत काय होत होतं ते आज सांगतो – माझ्या पोटात दुखत होतं. हेवा, दुसरं काही नाही. मी मास्तर माणूस. एखादं पोर माझ्यापेक्षा हुशार निघालं तर मला आनंद होतो, अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. ती समजूत त्या दोन-तीन महिन्यांत पार धुऊन निघाली.

मग मी एक हलकट चाळा केला. घरी जाऊन नववी वही उघडली आणि लिहिलं, की अरुणींच्या काही जुन्या घराण्यांतही वाटा काढण्याची प्रथा होती, किंबहुना चिखल्यांनी ती त्यांच्याकडूनच उचलली. किंबहुना! पुढच्या रविवारी ते गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवलं. निखिल म्हणाला, “काय सर, उगाच.” प्रणाली नुसती हसली. मी वही मिटली.

एका रविवारी अदितीला बरं नव्हतं, ती आली नाही. वडे आले तसा निखिलने एक वडा उचलून कागदावर बाजूला ठेवला. म्हणाला, हा अदितीचा वाटा. गंमत म्हणूनच. पण त्या दिवसापासून तो रिवाजच झाला. रोज... म्हणजे दर रविवारी पहिला वडा बाजूला, सगळे आलेले असले तरी. खेळातली गोष्ट खेळातून बाहेर येऊन माझ्या बाकावर बसली होती. दहा वर्षांत माझं काय आलं होतं बाहेर? मी तो वडा बघायचो आणि मला तो कचऱ्यात फेकावासा वाटायचा. वड्याचा हेवा करणारा माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी आहे.

पुढे थंडीत तिने सगळ्यांना उरणला घरी जेवायला बोलावलं. निखिल-अदितीला ऐनवेळी जमलं नाही, मी एकटाच स्कूटरने गेलो. खरं सांगू? बघायला गेलो होतो, की हिच्याकडे हे सगळं येतं कुठून.

तिच्या आईने ओल्या बोंबलाचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या आणि तळलेली मांदेली. जेवायला बसायच्या आधी एका छोट्या ताटलीत थोडंथोडं सगळं वाढलेलं होतं, वर दुसरी ताटली झाकण म्हणून घातलेली. आईने ती ताटली उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

“आमचा मानूस दर्यावर हाय,” ती म्हणाली. “त्याचा वाटा हाय हा. तो नाय आला, तर आलेल्या मानसाने खायाचा. जेवा तुमी.”

कपाळावर मोठं कुंकू होतं तिच्या. मी जेवलो. आणखी काय करणार होतो? बोंबील तोंडात विरघळत होता आणि मला मान वर करवत नव्हती.

नंतर प्रणाली मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली, तेव्हा तिने सांगितलं. आठ वर्षांपूर्वी वडिलांची बोट गेली ती आलीच नाही. बोटीवरचे दोघं दोन दिवसांनी किनाऱ्याला लागले, वडील आणि आणखी एक जण सापडले नाहीत. असा पत्ता न लागलेला माणूस असला की त्यांच्यात बारा वर्षं थांबतात, मग गवताची आकृती करून तिचं क्रियाकर्म करतात. आई थांबली होती. दुपारी जो कुणी येईल – शेजारची मुलगी, गॅसवाला, पार्सलवाला – त्याला ती ताटली. “मला आता ती ताटली बघवत नाही, दादा,” प्रणाली म्हणाली. “पण बाबा नाहीत असं मी बोलले, तर मीच त्यांना संपवल्यासारखं होईल ना? बाकीच्यांना सांगू नका हां हे.”

मी म्हटलं, नाही सांगणार. हे एवढं एक वचन मी आजपर्यंत पाळलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, की परत येताना माझं मन भरून आलं असेल. असा मीही स्वतःबद्दल विचार करून पाहिला आहे. पण नाही आलं. उरण ते पनवेल, कंटेनरच्या धुळीतून स्कूटर चालवताना मला जे वाटत होतं ते हे – हिच्याकडे हे आहे. माझ्याकडे काय आहे? माझा बाप घरी सोफ्यावर बसून मोठ्या आवाजात बातम्या बघत होता, ठणठणीत. मला एका मुलीच्या हरवलेल्या बापाचा हेवा वाटत होता. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय. लिहून बघितल्यावर आणखीच घाणेरडं दिसतंय, पण खरं आहे ते.

आणि मग, साधारण महिन्याभराने, तो रविवार.

त्याआधी आमच्या टेबलाचा नियम सांगायला हवा. फासा पडेल ते खरं. आडोशामागे मी एकटा असतो, आकडा बदलून सांगितला तर कुणाला कळणार नाही. पुष्कळ ठिकाणी बदलतातही, गोष्ट रंगावी म्हणून. मी कधीच बदलला नव्हता. निखिलचं तीन वर्षं सांभाळलेलं पात्र एका दोनच्या आकड्यावर गेलं. तो माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही, पण मी आकडा फिरवला नाही. तो स्वतःच नव्या माणसाला सांगायचा, सर फासा फिरवत नाहीत. त्या टेबलावर माझं म्हणून काही उरलं असेल, तर ते एवढंच होतं.

त्या रविवारी मी खाजणात पाणी सोडलं. डोंगरातलं अरुणींचं धरण फुटतं, असं मी खूप आधीच लिहून ठेवलं होतं. त्यात लबाडी नव्हती. निखिल आणि अदितीने जीव तोडून प्रयत्न केले. आणि आवडायने, म्हणजे प्रणालीने, अख्खी वस्ती अकरा होड्यांत बसवून पाण्याच्या आधी उघड्या समुद्रात सोडली. म्हातारी स्वतः टेकडीवर मागे राहिली. आता त्या होड्या तरल्या की बुडाल्या? एकच फासा. मी मोठ्याने सांगितलं, आठ किंवा आठाच्या वर पडले तर अकराच्या अकरा परत येतील. खाली पडले तर गेल्या.

अदितीने डोळे मिटले होते. प्रणाली आडोशाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. पहिला वडा बाजूला, कागदावर होता.

मी फासा टाकला.

आता... थोडं थांबतो. चार वर्षं जे आतल्या आत ठेवलं ते एका वाक्यात संपतं, याचंच नवल वाटतंय. सतरा पडले. लख्ख सतरा, माझ्या डोळ्यांसमोर, वहीच्या पानावर. आणि मी म्हणालो, “तीन.”

म्हणालो आणि फासा मुठीत घेतला.

विचार करून केलं का? नाही. पण चुकून केलं असंही नाही. सतरा दिसल्या क्षणी पुढचं सगळं मला दिसलं – होड्या परत येतील, आवडाय त्यांना हाका मारेल, अदिती रडेल, निखिल उभा राहील, पुढची दोन वर्षं सगळे तेच बोलतील. आणि मी आडोशामागे बसून मान डोलावणार. ते मला नको होतं. एवढंच होतं मनात.

प्रणालीने विचारलं, “दादा, नक्की तीन?” शंका नव्हती त्यात. नातेवाईक डॉक्टरला पुन्हा एकदा विचारतात ना, तसं विचारलं तिने. मी म्हटलं, तीन.

इथे थांबलो असतो तर? खोटा आकडा, वाईट, पण आकडा. तिने पुढे विचारलं – आवडायच्या म्हाताऱ्या आवाजात नाही, तिच्या स्वतःच्या आवाजात – “बुडताना कुणी पाहिलं का?”

मला ठाऊक होतं ती काय विचारतेय. कुणी पाहिलं नसेल तर वाटा चालू राहणार होता. एवढीशी फट उघडी राहणार होती. मी उरणला त्या घरात जेवलेला माणूस; त्या टेबलावर तो प्रश्न फक्त मला कळत होता. आणि मी सांगितलं, “हो. अरुणींच्या पहारेकऱ्याने बुरुजावरून पाहिलं. सगळ्या उलटल्या. त्याने मोजल्या.”

दहा वर्षं पोसलेल्या माझ्या अरुणींना अखेर गोष्टीत काहीतरी काम मिळालं.

प्रणालीने हात लांब करून बाजूला ठेवलेला वडा आपल्यापुढे ओढला आणि खाल्ला. गार झाला होता. सगळा खाल्ला, कागदाला लागलेला चुरासुद्धा बोटाने टिपला. मग पर्स घेतली, येते दादा म्हणाली आणि गेली.

मला बरं वाटलं. हेही सांगतो. संध्याकाळी मी मुलांना घेऊन वडाळे तलावावर गेलो, त्यांना कुल्फी दिली, स्वतः खाल्ली. बायको म्हणाली, आज खुशीत दिसताय.

पुढचे तीन रविवार ती आली नाही. ते तिन्ही रविवार मी अरुणींच्या दरबारात घालवले. निखिल घड्याळ बघायचा. अदिती सवयीने एकदा वडा बाजूला काढायला गेली आणि हात तसाच मागे घेतला.

चौथ्या रविवारी प्रणाली अडीचलाच आली, इतर कुणी यायच्या आधी. मी फळा पुसत होतो. तिने बाकावर बसून शांतपणे सांगितलं, की बाबांचं केलं आम्ही. किनाऱ्यावर, गवताची आकृती करून. आई आधी ऐकत नव्हती, पण मीच धरून बसले, की आता पुरे.

मी डस्टर हातात घेऊन उभा. ती म्हणाली, “त्या दिवशीच्या तीनमुळे धीर आला, दादा. मला कायम वाटायचं, कुणाचातरी दोष असेल. तेव्हा कळलं, फासा पडतो. कुणी काही केलेलं नसतं. थँक यू.”

थँक यू म्हणाली मला! तो क्षण होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. खाली चहाची ऑर्डर द्यायलासुद्धा मी अजून गेलो नव्हतो. एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, “हं.” आणि पुन्हा फळा पुसायला लागलो. पुसलेलाच फळा.

त्यानंतर एकदाच उरणला गेलो. आईने बोलावलंय, आईने बोलावलंय, असं प्रणाली म्हणत राहिली म्हणून. तेच घर, तेच कालवण. आईचं कपाळ मोकळं होतं. मी नकळत ती छोटी ताटली शोधत होतो, ते तिच्या लक्षात आलं असावं.

“आता वाटा नाय काढत,” ती म्हणाली. “बारा वर्सं थांबायचं असतं. आठच झाली व्हती. पोरगी बोलली पुरे, म्हनून केलं. मी थांबली असती.” मग माझ्या पानात भाकरी टाकून म्हणाली, “जेवा. हे तुमचंच हाय.”

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. चांगल्या झाल्यात म्हटलं.

प्रणाली अजून येते. हल्ली तिने आणखी एक जमात धरली आहे, वाऱ्यावर राहणाऱ्या लोकांची, आणि परवा तिने विचारलं, की यांच्यात म्हातारं माणूस जड झालं की त्याला धरून कोण ठेवतं. निखिल पेन खाली ठेवून ऐकत राहिला. माझ्या पोटात पुन्हा तसंच दुखलं. शहाणपण वगैरे काही आलेलं नाही मला. अरुणींची दहावी वही सुरू आहे.

निखिल अजून नव्या माणसाला सांगतो, सर फासा फिरवत नाहीत. मी ते ऐकतो आणि नाही म्हणत नाही. प्रणालीही मान डोलावते.

यंदा तिच्या वडिलांना बारा वर्षं पुरी झाली असती. तिची आई या वर्षापर्यंत दुपारी कुणाला ना कुणाला ती ताटली देत राहिली असती आणि मग तिचं तिने ठरवलं असतं. माझ्या वहीच्या त्या पानावर मी तारीख घालून ‘३’ लिहिलं आहे. ते अजून तसंच आहे.

सतरा पडले होते. अकराच्या अकरा होड्या परत यायच्या होत्या.